उपाशी गेली का? शेवटच्या दिवसांविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आईला जाऊन चार महिने झाले. शेवटचे नऊ दिवस ती हॉस्पिसमध्ये, म्हणजे अखेरच्या आजारात सांभाळणाऱ्या केंद्रात होती, तिथे सगळ्यांनी तिचं मायेनं केलं. पण अखेरचे तीन दिवस पोटात काहीच नव्हतं, सलाईनही लावलं नाही. नर्सताई नुसतं कापसानं तोंड ओलं करायच्या. मावशी म्हणते, “उपाशी गेली गं.” शिवाय तिची घरघर कानातून जात नाही.
– एक मुलगी, सांगली

उत्तर : आई उपाशी गेली नाही, हे आधी सांगतो. शरीर आवरतं घेऊ लागलं की भूकच मरते. खाणं थांबलं म्हणून माणूस जात नाही. तो निघालेला असतो म्हणून खाणं थांबतं. अशा वेळी बळेच भरवलं तर उलटी होते किंवा घास श्वासनलिकेत जातो. सलाईनचं म्हणाल, तर ५०० मिलीच्या ५ टक्के डेक्स्ट्रोजमध्ये साखर असते २५ ग्रॅम, म्हणजे शंभरहूनही कमी कॅलरी. थकलेल्या मूत्रपिंडांना ते पाणी बाहेर टाकता येत नाही. मग पाय सुजतात, छातीत कफ वाढतो. या अवस्थेत जीव कासावीस होतो तो बहुधा तोंड कोरडं पडल्यानं. त्यावर उपाय तोच, जो नर्सताई करत होत्या.

घरघरीचं कारणही साधं आहे. गिळायची, खोकायची ताकद गेली की लाळ घशात साचते आणि श्वास तिच्यावरून ये-जा करतो. तोवर माणूस गाढ ग्लानीत असतो. कुशीवर वळवलं की आवाज कमी होतो, कधी लाळ कमी करणारं ग्लायकोपायरोलेटचं इंजेक्शन देतात. मशीननं कफ ओढायला गेलं तर घसा दुखावतो आणि स्राव पुन्हा भरतो. त्रास होतोय का, हे आम्ही आवाजावरून नव्हे, कपाळावरून ओळखतो. आईचं कपाळ आठवून पाहा. आठ्या नव्हत्या, हाताची मूठ सैल होती, तर ती शांत होती.

प्रश्न : बाबांना मॉर्फिनची शेवटची गोळी मीच दिली. दोन तासांत ते गेले. माझ्या हातून काही झालं का?
– वाचक, नाशिक

उत्तर : नाही. मॉर्फिनचा डोस वेदना पाहून हळूहळू वाढवतात. ज्याच्या शरीराला तो डोस सवयीचा झालाय, त्याचा श्वास नेहमीच्या एका गोळीनं थांबत नाही. त्या दिवशी गोळी चुकली असती, तरी बाबा गेलेच असते, फक्त कळा सोसत. उरलेल्या गोळ्या घरात ठेवू नका, जिथून आणल्या त्या केंद्रात परत करा.

प्रश्न : वडिलांचा कॅन्सर पसरलाय. त्यांना घरीच राहायचंय. तयारी काय करू?
– वाचक, कणकवली

उत्तर : मॉर्फिन दुखण्याची वाट न बघता घड्याळावर द्या : सकाळी ६, १०, दुपारी २, संध्याकाळी ६, रात्री १०. डॉक्टरांना विचारून रात्रीचा डोस दुप्पट केला की झोपमोड टळते. पहिल्या दिवसापासून पोट साफ ठेवणारं औषध सोबत हवंच. ते विसरल्यानं बद्धकोष्ठता होते आणि लोक मॉर्फिनच सोडून देतात. पडून राहून जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस बदला. पोटऱ्यांखाली उशी अशी ठेवा की टाचा अधांतरी राहतील. अंगाखाली रबरी रिंग नको, तिच्या कडेनं रक्तपुरवठा दबतो आणि जखम वाढते. शेवटी गंगाजल चमच्यानं घालू नका, ठसका लागतो. तुळशीच्या पानानं ओठ ओले करा. घरी मृत्यू झाला तर मृत्यूच्या कारणाचं प्रमाणपत्र देणारे डॉक्टर आधीच ठरवून ठेवा. नोंदणी २१ दिवसांच्या आत करायची असते.

घरी झेपेनासं झालं तर तुम्हाला गोव्यात लोटलीचं शांती अवेदना सदन हे हॉस्पिस जवळ पडेल. वांद्र्याला त्यांचं काम १९८६ पासून आहे. पुण्यात वारज्याला सिप्ला या औषध कंपनीचं असंच केंद्र आहे, तिथे उपचार मोफत असतात.

आणि एक. वडिलांचा आवाज आत्ताच फोनवर घेऊन ठेवा. सकाळच्या डोसनंतर तासाभरानं कळ उतरलेली असते, तेव्हा दहा मिनिटं बोलतं करा. विषय त्यांनाच ठरवू द्या.