वाचकांचे प्रश्न : जर्मनीत बिऱ्हाड मांडताना

गेल्या अंकात जर्मनीतल्या नोकऱ्यांबद्दल लिहिलं होतं, त्यानंतर जी पत्रं आली त्यातली बहुतेक नोकरीबद्दल नाहीतच, कागदपत्रांबद्दल आहेत. म्हणून यावेळी फक्त तोच विषय.

प्रश्न : मिस्टर ब्लू कार्डवर (उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांना मिळणारा तिथला परवाना) स्टुटगार्टला आहेत. मी आणि चार वर्षांची मुलगी पुढच्या महिन्यात पुण्याहून जातोय. माझा पासपोर्ट माहेरच्या नावाचा आहे, आधार सासरच्या नावाचं, मुलीच्या जन्मदाखल्यावर पण माझं सासरचं नाव आहे. जायच्या आधी पासपोर्ट बदलून घेऊ का? आणि तिथे गेल्यावर सगळ्यात आधी काय करायचं? (एक वाचक, कोथरूड)

ताई, पासपोर्टला आत्ता अजिबात हात लावू नका. व्हिसा ज्या पासपोर्टवर आहे त्याच नावाने तिथलं सगळं उभं राहणार आहे, पासपोर्टच्या पहिल्या पानावर खाली ज्या दोन ओळी असतात ना, मध्येमध्ये बाणासारखी खूण असलेल्या, त्यात जे आडनाव आहे तेच तिथे तुमचं आडनाव. आधार तिथे कुणी बघत नाही. महत्त्वाचं एवढंच, की पासपोर्टवरची तुम्ही आणि मुलीच्या दाखल्यावरची आई ही एकच बाई आहे हे कागदावर दिसलं पाहिजे आणि ते काम तुमचा विवाह नोंदणीचा दाखला करतो. त्यात लग्नाआधीचं नाव नीट छापलंय का ते आजच काढून बघा. नसेल किंवा स्पेलिंग वेगळं असेल तर क्षेत्रीय कार्यालयात जाऊन इथे असतानाच दुरुस्त करून घ्या, तिथून हेच काम करायचं म्हणजे घरच्या म्हाताऱ्या माणसांना हेलपाटे. राजपत्रात नाव बदलल्याची नोंद असेल तर तीही सोबत ठेवा.

आपल्याकडची अजून एक गोष्ट म्हणजे मधलं नाव. वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव पासपोर्टवर पहिल्या नावाच्याच रकान्यात असतं, त्यामुळे जर्मन ऑफिसात ते तुमचंच दुसरं नाव धरतात. हरकत नाही, भांडत बसू नका, फक्त मग बँक, विमा, भाडेकरार सगळीकडे तस्संच्या तस्सं लिहा. एका ठिकाणी मधलं नाव आणि दुसऱ्या ठिकाणी नाही असं झालं की पुढे महिनोन्‌महिने पत्रव्यवहार होतो.

अपॉस्टीलबद्दल, म्हणजे दाखला परदेशात खरा मानला जावा म्हणून आंतरराष्ट्रीय कराराप्रमाणे मारतात त्या शिक्क्याबद्दल, खूप जण विचारतात. भारत त्या करारात 2005 साली आला पण जर्मनीने भारताच्या बाबतीत हरकत नोंदवली, त्यामुळे अपॉस्टीलचा शिक्का मारला म्हणजे तिथे काम झालंच असं समजू नका. एजंटला पैसे देण्याआधी मिस्टरांना तिथल्या ऑफिसला मेल करून लेखी विचारायला सांगा की नेमकं काय हवंय. भाषांतर मात्र बहुतेक ठिकाणी लागतं आणि ते शपथबद्ध भाषांतरकाराचंच चालतं.

आता गेल्यावर. सगळ्याचं मूळ म्हणजे पत्त्याची नोंदणी, आनमेल्डुंग. घरात राहायला गेल्यापासून 14 दिवसांत करायची असते, पासपोर्ट, दाखले आणि घरमालकाचं सही केलेलं पत्र घेऊन. मिस्टर आधीपासून तिथे असले तरी तुमची आणि मुलीची नोंदणी वेगळी होते. तेव्हाच विवाहाचा दाखला दाखवा आणि नोंद 'विवाहित' अशी झालीये ना ते छापील कागदावर तिथेच काउंटरवर उभं राहून वाचा. लाजू नका, तो कागद पुढच्या प्रत्येक ऑफिसात लागणारे. तुम्ही भारतात असेपर्यंत मिस्टरांचा कर साधारणपणे अविवाहितासारखा पहिल्या करवर्गात कापला जातो (पगारावरच्या कराचे तिथे सहा वर्ग असतात), तुमची नोंद झाली की दोघांना चौथा वर्ग लागतो, आणि तुम्ही लगेच नोकरी करणार नसाल तर मिस्टरांना तिसरा आणि तुम्हाला पाचवा वर्ग असा अर्ज करता येतो, त्याने दर महिन्याला हातात येणाऱ्या पगारात चांगलाच फरक पडतो.

नोंदणीनंतर काही आठवड्यांत तुमचा 11 आकडी कर क्रमांक पोस्टाने येतो आणि इथेच खूप जण अडकतात, कारण तिथे पोस्टमन फ्लॅट नंबर बघत नाही, बऱ्याच इमारतींत फ्लॅटला नंबरच नसतो. तो पत्रपेटीवरचं आडनाव बघतो. पेटीवर फक्त मिस्टरांचं आडनाव असेल आणि पत्र तुमच्या माहेरच्या आडनावाने आलं तर ते सरळ परत जातं. कर क्रमांक परत, विम्याचं कार्ड परत, बँकेचा पिन परत, आणि तुम्ही घरी बसून वाट बघताय. त्यामुळे पोचल्या दिवशी, बॅगा उघडायच्या आधी, पेटीवर आणि बेलवर दोन्ही आडनावं लावा. घरमालक पितळी पाटी लावेपर्यंत साध्या कागदावर ठळक अक्षरात लिहून चिकटपट्टीने लावली तरी चालते. बाकी काही विसरलात तरी हे विसरू नका, मी फार लोकांना यावरून त्रास झालेला बघितलाय.

मुलीसाठी दोन गोष्टी. गोवरच्या लसीचा पुरावा मार्च 2020 पासून बालवाडी-शाळेला सक्तीचा आहे, तेव्हा लसीच्या पुस्तिकेत दोन्ही डोसच्या तारखा आणि डॉक्टरचा शिक्का आहे ना बघा, नसेल तर डॉक्टरांकडून इंग्रजीत सर्टिफिकेट घ्या. आणि किंडरगेल्ड, म्हणजे मुलांसाठी सरकार देतं तो भत्ता, 2025 साली महिन्याला 255 युरो होता, ब्लू कार्डवाल्यांनाही मिळतो, पण अर्ज केल्यावर मागचे सहा महिनेच मिळतात, त्यामुळे सावकाश करू म्हणून ठेवू नका. मिस्टरांचा विमा सरकारी योजनेतला असेल आणि तुमचं स्वतःचं उत्पन्न नसेल तर तुम्ही दोघी त्याच विम्यात फुकट बसता. ब्लू कार्डधारकाची पत्नी म्हणून तुम्हाला पहिल्या दिवसापासून नोकरीची परवानगी असते आणि व्हिसासाठी जर्मनची परीक्षाही लागत नाही, तरी भाषेचा क्लास लावा असं मी मनापासून सांगेन, कागद होतील हो, पण बालवाडीच्या बाईंशी तुम्हालाच बोलायचंय.

प्रश्न : बर्लिनमध्ये एका मुलाच्या फ्लॅटमधली खोली भाड्याने घेतलीये. तो म्हणतो राहा, पण पत्ता नोंदवायचा नाही. ग्रुपवर कुणीतरी पैसे घेऊन पत्ता देतो म्हणतोय. घेऊ का? (एक विद्यार्थी)

नको. अजिबात नको. जिथे राहत नाही तिथली नोंदणी करणं आणि तसा पत्ता पुरवणं दोन्ही बेकायदा आहे आणि पत्ता पुरवणाऱ्याचा दंड 50 हजार युरोपर्यंत जाऊ शकतो. नोव्हेंबर 2015 पासून घर देणाऱ्याने नोंदणीसाठी पत्र देणं कायद्याने बंधनकारक आहे आणि पोटभाड्यात ते पत्र मूळ भाडेकरूने, म्हणजे तुझ्या त्या मुलानेच दिलं तरी चालतं. बहुतेक वेळा त्याने स्वतः घरमालकाची परवानगी काढलेली नसते म्हणून तो टाळतो. त्याला शांतपणे सांग, नाहीच ऐकलं तर ऑफिसला कळवता येतं, पण खरं सांगू का, मी तुझ्या जागी असते तर दुसरी खोली शोधायला लागले असते, कारण नोंदणीशिवाय कर क्रमांक वेळेवर येत नाही आणि पार्ट टाइम नोकरीत सगळ्यात जास्त कर कापणारा सहावा वर्ग लागू शकतो. बर्लिनमध्ये अपॉइंटमेंट 14 दिवसांत मिळाली नाही म्हणून घाबरू नकोस, शहरातल्या कुठल्याही भागातलं ब्युर्गरआम्ट, म्हणजे ही नोंदणी करणारं नागरिक कार्यालय, चालतं, सकाळी लवकर साइट बघत जा आणि बुकिंगचा मेल जपून ठेव.

प्रश्न : माझा व्हिसा संपत आलाय, परदेशी नागरिकांच्या ऑफिसची तारीख त्यानंतरची मिळालीये, आणि मधेच बहिणीचं लग्न आहे नाशिकला. जाऊ शकते का?

व्हिसा संपायच्या *आधी* अर्ज पोचला पाहिजे, ऑनलाइन असो की कागदावर, हे एक. मग ऑफिस एक तात्पुरता कागद देतं, फिक्सिओन्सबेशायनिगुंग नावाचा, नाव लांबलचक आहे पण तोच तुमचा आधार. तो हातात आला की आत बघा, तिथल्या निवास कायद्याच्या कलम 81 चे वेगवेगळे पर्याय छापलेले असतात आणि एका चौकटीत फुली मारलेली असते. उपकलम 4 वर फुली असेल तर तो कागद आणि पासपोर्ट घेऊन बाहेर जाऊन परत येता येतं. उपकलम 3 वर असेल तर जर्मनीत राहता येतं पण परत यायला तो कागद चालत नाही. फुली बघितल्याशिवाय तिकीट काढू नका. तुम्ही राष्ट्रीय व्हिसावर (दीर्घ मुक्कामाचा, पर्यटकांचा नव्हे) आलात आणि वेळेत अर्ज केलात तर साधारणपणे 4 च मिळतो, नाहीतर ऑफिसला लग्नाची पत्रिका जोडून आधीची तारीख मागा, कारण दिलं तर ऐकतात.

प्रश्न : पिवळ्या रंगाचं पाकीट आलंय, जर्मन येत नाही, फार भीती वाटतेय.

भीती नको, पण आजच उघडा. पिवळं पाकीट म्हणजे सरकारी किंवा कोर्टाचं असं पत्र, जे पोचल्याची नोंद होते. पोस्टमनने पाकिटावर पेनाने तारीख लिहिलेली असेल, मुदत त्या तारखेपासून मोजतात, तुम्ही वाचलंत त्या दिवसापासून नाही, म्हणून पाकीट फेकू नका, पत्रालाच पिन करून ठेवा. वाहतुकीचा दंड असेल तर हरकत घ्यायला दोन आठवडेच असतात, इतर निर्णयांना बहुधा एक महिना. मोबाइलवर भाषांतर करा, शेवटच्या पानावर मुदत आणि हरकत कुठे पाठवायची ते असतं.

आणि रेडिओ-टीव्हीच्या वर्गणीचं पत्र, महिन्याला 18.36 युरोचं, ते फसवणूक नाहीये. टीव्ही नसला तरी द्यावी लागते, पण घरटी एकच. रूममेट आधीच भरत असेल तर त्याचा वर्गणी क्रमांक कळवा, तुमचं बंद होतं.

प्रश्न : मुलगा म्युनिकला स्थायिक झालाय. त्याचं इथलं बँक खातं, पीपीएफ आणि सांगलीचा फ्लॅट मीच बघतो. काही करावं लागेल का? (एक वडील, सांगली)

हो काका, आणि हे बहुतेक घरांत राहूनच जातं. त्याचं साधं बचत खातं एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयांचं इथलं रुपयातलं खातं, करून घ्यायला हवं, बँकेला कळवायची जबाबदारी त्याची आहे. पीपीएफ मुदत संपेपर्यंत चालू ठेवता येतं, पुढे वाढवता येत नाही, नवीन उघडता येत नाही. फ्लॅटचे व्यवहार तुम्ही करणार असाल तर त्याने म्युनिकच्या भारतीय वकिलातीत जाऊन तुमच्या नावाने कुलमुखत्यारपत्र करावं, आणि ते इथे पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरायचं. पाकीट आलं की त्यावर पोचल्याची तारीख लिहून ठेवा, मुद्रांक कार्यालयात विचारतात.