दुसऱ्या नळकांड्याचे ६५ हजार

मुलुंडच्या एका वाचकांचं पत्र आहे. वय ३१, आयटीत नोकरी, हातात पगार १,१५,०००. दीड वर्षापूर्वी कर्जावर फोक्सवॅगनची व्हर्टस १.५ टीएसआय (टर्बो पेट्रोल इंजिनाची गाडी) घेतली, अजून साडेनऊ लाख फिटायचे आहेत. आता कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरच्या एका दुकानाने त्यांना दोन कोटेशनं दिली आहेत: सिंगल एक्झॉस्ट (मागे धूर सोडणारा एका तोंडाचा सायलेन्सर-पाइप) ९५,०००, ड्युअल (दोन तोंडांचा) १,६०,०००. बारा महिन्यांचा नो-कॉस्ट ईएमआयही देतो म्हणालेत. ‘ड्युअल घेऊ का? आणि घ्यायचंच तर ईएमआयवर, की एफडी मोडून?’

हेच १,६०,००० एसआयपीत टाकले तर वीस वर्षांनी किती होतील, हे गणित मी मांडणार नाही. त्या हिशोबाने माणसाने वडापावही खाऊ नये. गाडीची हौस आहे तर हौसेचाच खर्च म्हणून बघू. पण हौसेच्या खर्चातही आपल्याला नेमकं काय मिळतंय ते बघावं लागतं.

तुमच्या गाडीत चार सिलिंडर एका ओळीत आहेत. चौघांचा धूर एकाच टर्बोतून, एकाच कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमधून (धूर स्वच्छ करणारा डबा, थोडक्यात ‘कॅट’) मागे येतो. व्ही-८ इंजिनात सिलिंडरच्या दोन रांगा असतात, प्रत्येक रांगेचा स्वतःचा पाइप असतो, म्हणून मस्टँगसारख्या गाडीत खरोखरचा ड्युअल एक्झॉस्ट असतो. तुमच्या कोटेशनमध्ये पाइप पार मागच्या ॲक्सलपर्यंत एकच आहे आणि तिथे त्याला फाटा फोडलाय. ताकद वाढलीच तर ती कॅटच्या मागचा पाइप मोकळा झाल्यामुळे, तीही जेमतेम. आणि ती सिंगलमध्येही तेवढीच मिळेल. म्हणजे वरचे ६५,००० हे दुसऱ्या नळकांड्याचे, आवाजातल्या थोड्या फरकाचे आणि दिसण्याचे. त्यातले १८,००० ‘बंपर कटिंग व डिफ्युझर’ (बंपरखालची पट्टी) म्हणून लिहिलेत. ही ओळ मला सगळ्यात खटकली. पाइप उद्या काढून मूळचा लावता येतो. कापलेला बंपर परत जुळत नाही, आणि गाडी विकताना घेणारा आधी तिथेच वाकून बघतो.

आता पैसे कुठून आणायचे. तुम्ही दिलेले आकडे असे: गाडीचा हप्ता २२,५००, घरभाडं ३४,०००, घरखर्च २५,०००, गावी आईवडिलांना १०,०००, पेट्रोल-पार्किंग ९,०००, एसआयपी १२,०००. महिनाअखेरीस उरतात २,५००. दुकानाचा हप्ता १३,३३३. म्हणजे पहिल्याच महिन्यात एसआयपी बंद. आणि नो-कॉस्ट म्हणजे फुकट नव्हे. त्याच कोटेशनच्या तळाला पेनाने लिहिलंय, ‘कॅश दिल्यास ८,००० कमी’. ईएमआयची किंमत ती. वर बँकेची प्रोसेसिंग फी आणि व्याजाच्या भागावरचा जीएसटी वेगळा. एफडी आहे २,१०,०००. एसआयपी सोडून तुमचा महिन्याचा खर्च होतो १,००,५००. म्हणजे नोकरी गेली तर जेमतेम दोन महिने. या एफडीला हात लावू नका.

पण तुम्ही विचारलंच नाहीत असा एक मुद्दा मला या सगळ्यापेक्षा मोठा वाटतो. २०१९च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात बेकायदा बदलासाठी दर बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही आहे. आवाजाची मर्यादा मोडली तर पहिल्या वेळी १०,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, आणि तीन महिने लायसन्ससाठी अपात्र. कोस्टल रोडवर रात्री फडफडत जाणाऱ्या गाड्यांना आजूबाजूचे रहिवासी किती वैतागलेत ते तुम्ही वाचलंच असेल. तरी दंड परवडेल म्हणू. विम्याचं काय? कंपनीला न कळवता बदल केला आणि उद्या मोठा अपघात झाला, तर ओन-डॅमेज (स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा) क्लेम नाकारायला किंवा कापायला सर्व्हेअरच्या हातात आयतं कारण येतं. बँकेचे साडेनऊ लाख मात्र तुम्हालाच भरायचे. वॉरंटीची दीड वर्षं उरलीत. टर्बोला किंवा ऑक्सिजन सेन्सरला काही झालं तर सर्व्हिस सेंटर सगळ्यात आधी तो पाइप दाखवेल.

म्हणून माझं मत: ड्युअल नकोच, आणि कर्ज-वॉरंटी संपेपर्यंत सिंगलही नको. ऑक्टोबरमध्ये बोनसचे १,८०,००० हातात येतील असं म्हणता. त्यातले १,२०,००० एफडीत टाका, म्हणजे तीन महिन्यांच्या पुढची सोय होईल. उरलेले ६०,००० बिनधास्त गाडीवर उडवा, पण टायरवर आणि ब्रेक पॅडवर. मूळच्याच मापाचे चार चांगले टायर त्यात बसतात. पावसाळ्यात जेव्हीएलआरवर (जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडवर) ब्रेक मारताना फरक जाणवेल, आणि त्यासाठी विमा कंपनीला पत्र लिहावं लागत नाही.

एवढं सांगूनही मन मानत नसेल तर दोन गोष्टी करा. विमा कंपनीला कोटेशन ईमेलने पाठवून ‘हे बसवलं तर माझं कव्हर टिकेल का’ एवढंच विचारा आणि लेखी उत्तर येईपर्यंत ॲडव्हान्स देऊ नका. आणि दुकानदाराला सांगा, हाच सेट बसवलेल्या एखाद्या गिऱ्हाइकाच्या १.५ टीएसआयमध्ये मला बसवा. दुकानासमोर रेस करून दाखवतील, त्याला भुलू नका. ऐरोली जंक्शनपासून विक्रोळीपर्यंत काचा बंद करून, वरच्या गिअरमध्ये, सावकाश जा. कमी लोडवर तुमचं इंजिन चारातले दोन सिलिंडर बंद करतं, आणि नेमका तेव्हाच अशा पाइपचा घुमणारा आवाज केबिनमध्ये भरतो. माझ्या एका क्लायंटने असा सेट हौसेने बसवला होता. बायकोने तिसऱ्या दिवशी त्या गाडीतून ऑफिसला जाणं सोडलं, आणि चार महिन्यांत मूळचा सायलेन्सर परत बसला. नवा अजून त्याच्या बाल्कनीत, वॉशिंग मशीनच्या मागे उभा आहे. २५,०००ला द्यायला तयार आहे, गिऱ्हाईक मिळत नाही.