लोकप्रतिनिधींचे खाते नेमके कोणाचे?

प्रश्न : आमच्या लोकप्रतिनिधींनी मला त्यांच्या फेसबुक पानावर ब्लॉक केले आहे. ‘हे माझे खासगी खाते आहे,’ असे ते सांगतात. त्यांना तसा अधिकार आहे का?

उत्तर : प्रत्येक देशाचा कायदा वेगळा असल्याने एकच उत्तर देता येत नाही, मात्र अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2024 मध्ये लावलेला निकष विचार करण्यास उपयोगी पडतो. मिशिगन राज्यातील पोर्ट ह्युरॉनचे शहर व्यवस्थापक जेम्स फ्रीड (ते निवडून आलेले नव्हते, नेमलेले होते, पण प्रश्न तोच) यांच्या फेसबुक पानावर घरगुती छायाचित्रेही होती आणि शहरातील पालापाचोळा उचलण्याच्या कामाची माहितीही होती. एका नागरिकाला त्यांनी ब्लॉक केले आणि वाद न्यायालयात गेला. त्या पदाधिकाऱ्याला शासनाच्या वतीने बोलण्याचा खरोखर अधिकार होता का, आणि लिहिताना आपण तो अधिकार वापरत आहोत असे त्याने दर्शविले का, या दोन्ही प्रश्नांचे उत्तर होकारार्थी असेल तरच ते ब्लॉक करणे शासकीय कृत्य ठरते आणि अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या हक्कावरून त्याला आव्हान देता येते, असे न्यायालयाने एकमताने सांगितले आणि प्रकरण फेरविचारासाठी परत पाठवले. निकालातील उदाहरण बोलके आहे: शाळा मंडळाच्या अध्यक्षांनी महासाथीचे निर्बंध उठल्याचे बैठकीत सांगणे हे शासकीय काम होय, तीच बातमी अंगणातल्या मेजवानीत मित्रांना सांगणे हे खासगी बोलणे होय.

‘हे वैयक्तिक पान आहे’ अशी ओळ पानावर असल्यास तिला न्यायालयाच्या लेखी बरेच वजन आहे, पण एखादा सरकारी आदेश केवळ त्याच पानावर जाहीर होत असेल तर त्या ओळीचा आडोसा पुरत नाही. शिवाय एखादी प्रतिक्रिया पुसणे हे एका पोस्टपुरते असते, तर ब्लॉक केल्याने संपूर्ण पानाचे दार बंद होते. म्हणून ब्लॉक करणाऱ्याला आपल्या सर्वच पोस्टचा हिशेब द्यावा लागू शकतो. आपण प्रथम हे पाहावे की कोणती माहिती अन्यत्र मिळत नाही, आणि तिची तारखेसह नोंद ठेवून कार्यालयाकडे लेखी हरकत द्यावी.

प्रश्न : रस्त्याच्या खड्ड्याबाबत मी पोस्टखाली तक्रार लिहिली. ‘पाहतो’ असे उत्तर आले. तक्रार नोंदली गेली, असे समजावे का?

उत्तर : बहुधा नाही. आवक क्रमांक मिळाला नाही, तर नोंद झालीच नाही असे धरून चालावे. ‘पाहतो’ या शब्दाला ना मुदत असते, ना जबाबदार अधिकारी. प्रतिक्रियेचा स्क्रीनशॉट जोडून त्याच दिवशी रीतसर अर्ज द्यावा.

प्रश्न : मी एका लोकप्रतिनिधीचे खाते सांभाळते. शिवीगाळ करणाऱ्या प्रतिक्रिया काढाव्यात का?

उत्तर : काढाव्यात, पण नियम आधी लिहून पानावर लावावेत आणि काढण्यापूर्वी प्रत जपावी. भाषेसाठी काढलेली प्रतिक्रिया समर्थनीय ठरते. टीका बोचली म्हणून काढलेली ठरत नाही. समर्थकांच्या शिव्या तशाच राहत असतील, तर तुमचा नियम कोणाला खरा वाटेल?

प्रश्न : पद गेल्यावर खात्याचे काय होते?

उत्तर : येथे बहुतेक कार्यालये गाफील असतात. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षपदाचे ट्विटर खाते जानेवारी 2017 मध्ये फॉलोअरसह नव्या अध्यक्षांकडे गेले आणि जुने ट्विट वेगळ्या खात्यात जतन झाले. 2021 मध्ये मात्र फॉलोअर नव्याने जमवावे लागले. याच देशाच्या सरकारी नोंदी जपण्याविषयीच्या कायद्यातील 2014 च्या दुरुस्तीनुसार, खासगी खात्यावरून सरकारी कामाचा संदेश पाठवल्यास त्याची प्रत 20 दिवसांत अधिकृत खात्याकडे पोहोचवावी लागते. असा नियम नसलेल्या ठिकाणी निदान पदाचे खाते व्यक्तीच्या नावाने नव्हे, पदाच्या नावाने उघडावे, त्याचा पासवर्ड कार्यालयाच्या ताब्यात असावा आणि पदभार सोपविताना चाव्या व दप्तराबरोबर त्याचीही यादीत नोंद व्हावी.