प्रश्न तुमचे : ब्रेकची डिस्क वजनावर पारखा

या वेळी आलेल्या पत्रांत निम्मी पत्रं ब्रेकची आहेत, म्हणून इंजिन आणि क्लचचे प्रश्न पुढच्या अंकावर ढकलले. बावीस वर्षं चाकं खोलतेय, पण एका कामात माझा हात अजूनही आपोआप सावकाश चालतो, ते म्हणजे ब्रेकचं काम. तेव्हा उत्तरं थोडी लांबली तर सांभाळून घ्या.

ताई, माझ्या गाडीच्या पुढच्या दोन्ही डिस्क झिजून किमान जाडीच्या खाली गेल्या आहेत. मेकॅनिक म्हणतो साध्या डिस्क घाला. मित्र म्हणतो भोकांच्या आणि खाचांच्या घे, ब्रेक जबरदस्त लागतील. गाडी 1400 किलोची आहे. रोज कामावर जाणं-येणं आणि महिन्यातून दोनदा घाट. डिस्क कोणती आणि पॅड कोणते?

साधी, आतून हवा खेळती असलेली, मूळ मापाची डिस्क घ्या. मेकॅनिकचं ऐका. नवख्यांसाठी : डिस्क म्हणजे चाकाबरोबर फिरणारी चकती, आणि पॅड म्हणजे ब्रेक दाबल्यावर तिला दोन्ही बाजूंनी आवळणारे घासपट्टे.

मित्राच्या सल्ल्यात गल्लत कुठे होते ते सांगते. गाडी किती अंतरात थांबणार हे शेवटी टायर ठरवतो. जोरात ब्रेक दाबल्यावर पेडलखाली एबीएसची, म्हणजे चाक अडकून घसरू न देणाऱ्या यंत्रणेची, खडखड जाणवते ना? मग तुमचे आत्ताचे ब्रेकसुद्धा टायरच्या पकडीपेक्षा जास्त ताकदीचे आहेत. डिस्क बदलून ते अंतर कमी होणार नाही. डिस्कचं खरं काम आहे उष्णता पोटात घेणं आणि ती हवेत सोडणं. डिस्क निवडायची ती या कामासाठी.

एक हिशोब करू. 1400 किलोची गाडी ताशी 100 किलोमीटरवरून थांबवली की साधारण 540 किलोज्यूल ऊर्जा उष्णतेत जाते. त्यातला सत्तर टक्के भार पुढच्या चाकांवर धरला तर पुढच्या एकेका डिस्कच्या वाट्याला 190 च्या आसपास येते. डिस्क 7 किलोची असेल तर एका थांबण्यात ती 55 ते 60 अंशांनी तापते. तीच डिस्क साडेपाच किलोची असेल तर 75 अंशांनी. आता घाट घ्या. 500 मीटर उंचीचा उतार नुसता ब्रेकवर उतरलात, तर शंभरच्या वेगावरून बारा-तेरा वेळा थांबण्याइतकी उष्णता तयार होते, आणि मधे गार व्हायला सवड मिळत नाही. हवेचा नि रस्त्याचा विरोध त्यातली थोडी खातो, बाकी सगळी ब्रेकच्या डोक्यावर.

म्हणून डिस्क विकत घेताना मी ती काट्यावर ठेवते. जुनी, झिजलेली डिस्क एकीकडे आणि नवीन दुसरीकडे. नवीन डिस्क जर झिजलेल्या मूळ डिस्कपेक्षा हलकी भरली, तर ती परत पाठवायची. मग कडेने आत डोकवायचं. दोन चकत्यांच्या मधे हवेसाठी ज्या पाकळ्या असतात त्या मोजायच्या, मूळ डिस्कशी ताडून बघायच्या. स्वस्तातल्या डिस्कमध्ये पाकळ्या कमी आणि चकत्या पातळ निघतात. एका चकतीची जाडी दुसरीपेक्षा वेगळी दिसली, तर ओतकामात गाभा सरकलेला आहे हे समजायचं. असली डिस्क तापली की एका बाजूला वाकते. जास्त कार्बनच्या बिडाची डिस्क मिळत असेल तर घाटासाठी ती घ्या. उष्णता ती लवकर पसरवते आणि आवाजही कमी करते.

आता भोकं. जुन्या काळचे पॅड तापले की वायू सोडायचे. तो वायू पॅड आणि डिस्कच्या मधे अडकू नये म्हणून भोकं आली. हल्लीच्या पॅडमध्ये तो त्रास फारसा उरलेला नाही. पण भोकं पाडली की लोखंड कमी होतं आणि प्रत्येक भोकाच्या काठाशी ताण साठतो. वेगवान गाड्यांवर कारखान्यातूनच भोकांच्या डिस्क येतात हे खरं, पण त्या आकाराने मोठ्या असतात आणि मुळात त्याच हिशोबाने घडवलेल्या असतात.

एकदा एक गाडी आली. तक्रार एवढीच की ब्रेक दाबला की बारीक टक-टक ऐकू येते. चाक काढलं, डिस्क पुसली, दिवा तिरपा धरला. एका भोकापासून शेजारच्या भोकापर्यंत केसासारखी रेघ. नख फिरवलं तर नख अडकलं. पुढे अशाच आणखी रेघा, आणि त्यातली एक थेट डिस्कच्या कडेपर्यंत पोचलेली. ती गाडी मी त्या दिवशी चालवत बाहेर जाऊ दिली नाही. त्याच गाडीवर कुटुंब घाट उतरून आलं होतं, हे आठवलं की आजही पोटात गोळा येतो.

खाचांचं तसं नाही. खाचा पॅडचा पृष्ठभाग खरवडत राहतात, पाणी आणि भुकटी झाडून काढतात. जड ट्रेलर ओढणाऱ्याला किंवा ट्रॅकवर गाडी पळवणाऱ्याला त्यांचा उपयोग आहे. रोजच्या वापरात मात्र घरघर ऐकू येते आणि पॅड लवकर संपतात. तुम्हाला गरज नाही.

पॅड निवडताना पॅडच्या पाठीवरची पत्र्याची प्लेट आणि कड वाचायची सवय लावा. दोन गोष्टी शोधायच्या. पहिली, गोलातलं ‘ई’ आणि त्याच्यासोबत ‘90आर’. हा संयुक्त राष्ट्रांच्या वाहन नियमांतला बदली पॅडचा नियम आहे. त्या चाचणीत बदली पॅडची कामगिरी मूळ पॅडच्या 15 टक्के कमी-जास्त मर्यादेत असावी लागते. अनोळखी ब्रँडचा पॅड घेताना मला याच खुणेचा सर्वांत जास्त भरवसा वाटतो. दुसरी, कडेवरच्या मजकुराच्या शेवटची दोन अक्षरं, उदाहरणार्थ ‘एफएफ’ किंवा ‘एफई’. पहिलं अक्षर नेहमीच्या तापमानातल्या घर्षणाचं, दुसरं तापल्यानंतरचं. ‘ई’ म्हणजे घर्षणांक 0.25 ते 0.35, ‘एफ’ म्हणजे 0.35 ते 0.45, ‘जी’ म्हणजे 0.45 ते 0.55. ‘एफई’ पॅड तापला की ढिला पडतो. महिन्यातून दोनदा घाट करणाऱ्याने तो घेऊ नये. मात्र अक्षरं सारखी म्हणजे पॅड सारखे, असं धरू नका. एकाच पट्ट्यात बराच फरक बसतो.

सिरॅमिक पॅड शांत असतात, चाकांवर काळी भुकटी कमी उडवतात. मेटॅलिक पॅड उष्णता जास्त झेलतात, पण आवाज करतात आणि डिस्क खातात. तुमच्या वापराला मी मूळ गाडीत ज्या जातीचा पॅड होता त्याच जातीचा, ‘एफएफ’च्या खाली नसलेला पॅड घालीन. रेसिंगचे पॅड अजिबात नकोत. ते तापल्याशिवाय धरत नाहीत, आणि सकाळी पहिल्याच वळणावर कुणी आडवं आलं तर ते तापेपर्यंत वाट बघायला वेळ नसतो.

आणि घाट उतरताना खालचा गिअर. हे पॅडच्या खोक्यावर कुणी छापत नाही, पण कुठल्याही पॅडपेक्षा मोलाचं आहे. ब्रेक ऑइल दोन वर्षांच्या वर जुनं असेल तर याच कामात बदलून घ्या. डॉट 4 दर्जाचं ऑइल नवीन असताना किमान 230 अंशांना उकळतं. ओलावा शोषून घेतल्यावर ती मर्यादा 155 पर्यंत उतरू शकते. ऑइल उकळलं की वाफ दाबली जाते आणि पेडल तळाला जातं. त्या वेळी डिस्क कितीही चांगली असो, उपयोग नाही.

नवीन डिस्क, नवीन पॅड घातले. अडीच हजार किलोमीटर झकास चालले. आता ऐंशीच्या वेगात ब्रेक दाबला की स्टिअरिंग थरथरतं. सगळे म्हणतात डिस्क वाकल्या, स्वस्तातला माल. पुन्हा नवीन घेऊ का?

थांबा, घेऊ नका. अडीच हजारांनंतर सुरू झालं, हीच यातली खूण आहे. डिस्क वाकडी असती तर पहिल्या दिवसापासून कळलं असतं.

बहुतेक वेळा असं होतं : जुनी डिस्क काढल्यावर हबच्या, म्हणजे डिस्क आणि चाक ज्यावर बसतात त्या भागाच्या, तोंडावर गंजाचा पापुद्रा राहतो. नवीन डिस्क त्याच्यावर बसते आणि अगदी किंचित तिरकी होते. चाक फिरतं तसा डिस्कचा एकच भाग दर फेरीला पॅडला घासून जातो, ब्रेक न दाबताही. हजारो किलोमीटर असं घासून तो भाग मायक्रॉनच्या हिशोबात पातळ होतो. शे-दोनशे नाही, दहा-पंधरा मायक्रॉनचा फरकसुद्धा पायाला आणि हाताला जाणवतो.

माझ्या हातून हे घडलेलं आहे. सुरुवातीच्या वर्षांत एका गाडीचा हब मी कापडाने पुसला आणि डिस्क चढवली. दोन महिन्यांनी गाडी परत आली. डिस्क काढली तर मागच्या बाजूला करंगळीच्या नखाएवढा गंजाचा तुकडा दबून चपटा झालेला, आणि डिस्कवर त्याचा ठसा उमटलेला. तेव्हापासून तारेच्या ब्रशने हब चकाकेपर्यंत घासल्याशिवाय मी डिस्क हातात घेत नाही. बसवल्यावर डायल गेज लावून फिरवते. डोल, म्हणजे फिरताना डिस्कचं आत-बाहेर हलणं, 0.05 मिलिमीटरच्या आत असला की पुढे जाते. जास्त आला तर डिस्क एक बोल्ट पुढे फिरवून पुन्हा मोजते. पुष्कळदा तेवढ्यानेच जमतं.

दुसरी शक्यता पॅडच्या थराची. तापलेल्या डिस्कवर पेडल दाबून गाडी उभी ठेवली की पॅडचा माल त्या एका जागी चिकटतो. नवीन पॅड नीट न बसवल्यास हे लवकर होतं. पॅड बसवणं म्हणजे मोकळ्या रस्त्यावर साठच्या वेगावरून दहा-पंधरापर्यंत मध्यम जोराने ब्रेक लावायचा, पूर्ण थांबायचं नाही, परत वेग घ्यायचा. असं आठ-दहा वेळा. मग ब्रेक न लावता काही किलोमीटर चालवून सगळं गार होऊ द्यायचं. तुमच्याकडे हे कुणी केलं होतं का, ते विचारा.

तेव्हा आधी डोल आणि जाडी मोजून घ्या. जाडी मायक्रोमीटरने सात-आठ ठिकाणी मोजायची. डिस्क पुरेशी जाड असेल तर गाडीवरच लेथ लावून ती सारखी करता येते. आणि चाकाचे नट एअर गनने आवळू देऊ नका. टॉर्क पान्याने, चांदणीच्या क्रमाने, गाडीच्या पुस्तिकेतल्या आकड्याइतकेच. कमी-जास्त आवळलेले नटसुद्धा डिस्कला तिरकी करतात.

फक्त पॅड बदलले तर चालेल का?

चालेल. डिस्कवर कोरलेल्या किमान जाडीपेक्षा नवीन पॅड संपेपर्यंत ती वर राहणार असेल, तडे नसतील आणि पेडल थरथरत नसेल तर. पॅड मात्र दोन्ही बाजूंचे एकत्रच बदला. पुढे एक जात आणि मागे त्याहून तेज जात, असं करू नका. मागची चाकं आधी अडकली की गाडी गिरकी घेते.

माझी गाडी इलेक्ट्रिक आहे. मागच्या डिस्क गंजून खडबडीत झाल्या, पॅड मात्र नव्यासारखे. असं कसं?

मोटरच वेग कमी करते, म्हणून ब्रेक कामाला लागतच नाहीत. वापर नाही म्हणून गंज. बदलताना मधल्या टोपीवर आणि कडेवर गंजरोधक लेप असलेली डिस्क घ्या. कॅलिपरच्या, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या पकडीच्या, सरकत्या पिना दर वर्षी काढून सिलिकॉन ग्रीस लावा, तुमच्यासारख्या गाड्यांत त्याच आधी जाम होतात. आठवड्यातून एकदा, मागे कुणी नसताना, जरा जोराने चार-पाच ब्रेक लावा.

हे काम घरीच करणार आहे. तुम्ही काय सांगाल?

जॅकवर भरवसा ठेवू नका, स्टँड लावा. कॅलिपर नळीला लटकत ठेवू नका, तारेने बांधा. पार्किंग ब्रेक इलेक्ट्रिक असेल तर मागचे पिस्टन ढकलण्याआधी गाडी सर्व्हिस मोडमध्ये घाला, नाहीतर मोटर तुटते. नवीन डिस्कवरचं तेल ब्रेक क्लीनरने दोन्ही बाजूंनी पुसा. पॅडच्या घासणाऱ्या बाजूला ग्रीस लागलं तर तो पॅड टाकून द्या, पुसून वापरू नका. भुकटी हवेने उडवू नका, ओल्या फडक्याने टिपा.

आणि सगळं झाल्यावर, इंजिन सुरू करून गाडी हलवण्याआधी, पेडल दाबत राहा. पिस्टन मागे ढकललेले असतात, त्यामुळे पहिल्या दोन-तीन वेळा पेडल सरळ तळाला जातं. ते वर येऊन पायाला कडक लागेपर्यंत गाडी गिअरमध्ये टाकायची नाही.