वाचकांचे प्रश्न : इंग्लंडमधल्या घराचे जुने मालक

प्रश्न : एसेक्स काउंटीतल्या सॅफ्रन वॉल्डन या बाजारपेठेच्या गावात आम्ही जुने घर घेतले. मिळकतीच्या उताऱ्यावर केवळ आमचेच नाव आहे. आपल्याकडे फेरफार पाहून मागचे मालक कळतात, तसा कागद इथे असतो का?

उत्तर : एकाच दप्तरात मागचे सारे मालक सलग सापडतील, अशी व्यवस्था इंग्लंडमध्ये नव्हती. विक्रीच्या वेळी मालकी नोंदवण्याची सक्ती संपूर्ण देशाला लागू झाली ती थेट १९९० साली. त्याआधीचा इतिहास खरेदीखतांच्या गठ्ठ्यांत असे आणि नोंदणीनंतर अनेकांनी ते गठ्ठे अडगळ समजून फेकून दिले.

म्हणून सुरुवात टाइदच्या तक्त्यापासून करावी. टाइद म्हणजे चर्चला द्यायचा उत्पन्नाचा दहावा हिस्सा. तो १८३६च्या कायद्याने रोख आकारात बदलला आणि त्यासाठी बहुतेक पॅरिशांचे, म्हणजे एकेका चर्चच्या हद्दीतल्या गावांचे, नकाशे व तक्ते तयार झाले. तक्त्यात मालक, कसणारा, नकाशावरचा क्रमांक, शेताचे नाव, नांगरट आहे की कुरण, आणि एकर, रूड व पर्चमधले क्षेत्र (४० पर्चचा एक रूड, चार रूडांचा एक एकर) हे सारे एका ओळीत मिळते. मात्र हा कागद आकारणीसाठी केलेला होता, हक्क सिद्ध करण्यासाठी नव्हे. शिवाय भर पेठेतल्या घरांना पुष्कळदा स्वतंत्र क्रमांक नसतो.

यात 'मालक' म्हणून नोंदलेला माणूस कित्येकदा कॉपीहोल्डर, म्हणजे मॅनॉरच्या (एका जमीनदाराच्या ताब्यातल्या जहागिरीच्या) जमीनदाराकडून जमीन धारण करणारा असे. अशी जमीन विकायची तर विकणारा ती कारभाऱ्यामार्फत जमीनदाराकडे सोडून देई, घेणारा नजराणा भरून तिच्यावर दाखल होई, आणि हा व्यवहार मॅनॉरच्या न्यायसभेच्या दप्तरात उतरे. १ जानेवारी १९२६ रोजी ही पद्धत संपेपर्यंत त्या दप्तराची नक्कल हाच धारकाचा पुरावा होता. मला विचाराल तर फेरफाराच्या सर्वांत जवळ जाणारा कागद हाच. १७३३पूर्वीच्या नोंदी बहुतांशी लॅटिनमध्ये आहेत, पण मजकूर ठरावीक साच्याचा असल्याने सरावाने उलगडतो.

तुमच्या गावी १५३८ साली वॉल्डनचा मठ बरखास्त होऊन त्याच्या जमिनी राजा आठव्या हेन्रीचे लॉर्ड चॅन्सेलर थॉमस ऑडली यांना मिळाल्या. पुढे त्याच जमिनींवरची ऑडली एंडची जहागीर ब्रेब्रुक घराण्याकडे आली आणि त्या घराण्याचे कागद चेम्सफर्डच्या एसेक्स रेकॉर्ड ऑफिसात आहेत. १०८६च्या डूम्सडे पाहणीतही (राजाने करवलेल्या देशभरच्या जमिनींच्या नोंदीत) वॉल्डन आहे, पण तिथे जेफ्री द मँडव्हिल हा सरदार भेटेल, तुमचे घर नव्हे.

चेम्सफर्डला जाण्याआधी आपली जागा कोणत्या मॅनॉरमध्ये मोडत होती हे पाहून घ्या. लंडनमधल्या क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागाराची मॅनॉर दस्तऐवजांची सूची त्यासाठी घरबसल्या चाळता येते.