दोन सर्व्हरवरचे डॉकर कंटेनर एकाच नेटवर्कमध्ये कसे आणायचे?

ॲप एका सर्व्हरवर, डेटाबेस दुसऱ्यावर, आणि कंटेनर एकमेकांना नावाने सापडत नाहीत, असं तुम्ही म्हणताय. सापडणार नाहीतच. ब्रिज नेटवर्क, म्हणजे डॉकरचं नेहमीचं नेटवर्क, त्या एका मशीनपुरतंच असतं. दोन्हीकडे एकाच नावाचं बनवलंत तरी ती दोन वेगळीच.

इथे ओव्हरले नेटवर्क, म्हणजे अनेक सर्व्हरवर पसरलेलं नेटवर्क, लागतं. एका सर्व्हरवर स्वॉर्म, म्हणजे डॉकरची अनेक सर्व्हर एकत्र जोडण्याची सोय, सुरू करा (त्या सर्व्हरचा प्रायव्हेट आयपी द्या), मिळालेलं टोकन वापरून दुसरा जोडा, मग पहिल्यावर ओव्हरले नेटवर्क बनवा. बनवताना 'अटॅचेबल' पर्याय द्याच, नाहीतर 'डॉकर रन'ने चालवलेला साधा कंटेनर त्यात शिरत नाही. दुसऱ्या सर्व्हरच्या यादीत ते लगेच दिसणार नाही. तिथला पहिला कंटेनर जोडला की उगवतं.

बहुतेकांचं घोडं फायरवॉलपाशी अडतं. टीसीपी २३७७, टीसीपी आणि यूडीपी ७९४६, यूडीपी ४७८९ हे पोर्ट दोन सर्व्हरमध्ये उघडे हवेत, जगाला नव्हे. ४७८९ हमखास राहतो: सर्व्हर जोडलेले दिसतात, नावावरून आयपीही मिळतो, पण पिंग काही जात नाही.

छोटी क्वेरी चालते आणि मोठा रिझल्ट आला की लटकतं? मग एमटीयू (एका पॅकेटचा कमाल आकार) बघा. ओव्हरले ज्यावर चालतं ते व्हीएक्सलॅन प्रत्येक पॅकेटमागे ५० बाइट खातं. खाली १४२० एमटीयूचं वायरगार्ड (एन्क्रिप्ट करणारं व्हीपीएन) असेल तर ओव्हरले बनवतानाच १३७० द्या.

आणि हो, ओव्हरलेवरून कंटेनरांमध्ये जाणारा-येणारा डेटा मुळात एन्क्रिप्ट होत नाही. सर्व्हर इंटरनेटवरून जोडलेले असतील तर मी वायरगार्डवरूनच नेईन.