शासकीय कर्मचाऱ्याच्या खाजगी आयुष्यात लक्ष घालण्याचा अधिकार वरिष्ठांना असावा का?

आपण लिहिले आहे की, नुकतेच शासकीय सेवेत रुजू झाल्यावर सुट्टीच्या दिवशी मित्रमैत्रिणींसोबत काढलेल्या एका छायाचित्रावरून वरिष्ठांनी आपल्याला दालनात बोलावून तोंडी समज दिली, आणि असा अधिकार त्यांना आहे का, असावा का, हे आपण विचारले आहे. माझे उत्तर स्पष्ट आहे. जे कामाला, सरकारी पैशाला किंवा पदाच्या वापराला भिडत नाही, त्यात वरिष्ठांनी पडू नये. मी सोलापुरातील एका कार्यालयात एकोणीस वर्षे लिपिक होते, 2021 मध्ये निवृत्त झाले, आणि हे उत्तर मी पुस्तकातून शिकलेले नाही.

माझे यजमान 2001 मध्ये गेले आणि पुढच्या वर्षी मी अनुकंपा तत्त्वावर नोकरीस लागले. ‘नवऱ्याच्या जागेवर लागलेली बाई’ ही ओळख कार्यालयात कायम राहिली. या बाईने यापुढे मान खाली घालून दिवस काढावेत, असे त्या ओळखीत सगळ्यांनी धरून ठेवले होते. 2006 च्या गड्ड्याच्या यात्रेत मी, माझा मुलगा आणि माझे एक स्नेही असे तिघे होम मैदानावर गेलो होतो. संक्रांतीनंतर आठवडाभराने टपाल आले. आवक-जावक माझ्याकडेच असल्यामुळे ते फोडणे आणि नोंदवणे हे माझेच काम होते, आणि त्यातील एका आंतर्देशीय पत्रात माझे नाव होते. आम्ही आकाशपाळण्याजवळ किती वाजता दिसलो, मुलाचा हात कोणी धरला होता, परतताना मी दुचाकीवर कशी बसले होते, हे सारे पत्रात क्रमवार लिहिलेले होते. खाली सही नव्हती. ते पत्र फाडून टाकणे मला सहज शक्य होते. मी ते नोंदवहीत चढवले, विषयाच्या रकान्यात ‘कर्मचाऱ्याच्या वर्तणुकीबाबत निनावी अर्ज’ असे लिहिले, शिक्का मारला, आवक क्रमांक घातला आणि शिपायाबरोबर साहेबांच्या दालनात पाठवून दिले. त्या शिक्क्याची जांभळी शाई दिवसभर माझ्या अंगठ्यावर होती.

निनावी अर्ज दप्तरी दाखल करायचा, म्हणजे कारवाई न करता बाजूला ठेवायचा असतो, हे त्या कार्यालयातील शिपायालाही ठाऊक होते. तरीही चौथ्या दिवशी मला कारणे दाखवा नोटीस मिळाली, आणि ती घेतल्याची सही मला माझ्याच वहीत करावी लागली. बार्शीहून माझे थोरले बंधू आले. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो आणि तेही तेव्हा शासकीय सेवेतच होते. येताना त्यांनी माफीनाम्याचा मसुदा लिहूनच आणला होता. “शासनाचा माणूस चोवीस तास शासनाचा असतो. दोन ओळी लिहून दे आणि मोकळी हो,” असे ते म्हणाले. मी खुलाशात एकच वाक्य लिहिले: सदर बाब माझ्या कार्यालयीन कर्तव्याशी संबंधित नाही. एक वेतनवाढ रोखली गेली. अपिलात चौदा महिन्यांनी तो आदेश रद्द झाला आणि थकबाकीही मिळाली, परंतु दुपारी डबा खाताना शेंगाचटणी माझ्यापुढे सरकवणे सहकारी भगिनींनी त्या काळात बंद केले होते, ते पुढे कधीच पूर्ववत झाले नाही. त्या स्नेह्यांशी माझे नाते काय होते, हे मी तेव्हा लिहिले नाही आणि येथेही लिहिणार नाही.

आता नियमांविषयी. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, 1979 यांतील नियम 3 कर्मचाऱ्याकडून ‘नेहमीच’ सचोटी आणि कर्तव्यपरायणता मागतो व त्यास न शोभणारे काहीही करू नये, असे सांगतो. वरिष्ठांचे सारे बळ ‘न शोभणारे’ या शब्दात आहे, कारण काय शोभते हे नोटीस काढणाराच ठरवतो. पहिली पत्नी असताना दुसरा विवाह, हुंडा, सार्वजनिक ठिकाणी मद्यधुंद अवस्था, राजकीय पक्षाचे काम, परवानगीविना जोडधंदा या गोष्टी नियमांत स्वतंत्रपणे लिहिलेल्या आहेत, आणि जे लिहिलेले आहे त्याविषयी माझी तक्रार नाही. ते वाचूनच आपण नोकरी स्वीकारतो. 2005 च्या नियमांपासून नोकरीत शिरताना आपण लहान कुटुंबाचे प्रतिज्ञापत्रही देतो. परंतु जे कोठेही लिहिलेले नाही, ते एखाद्याच्या नजरेला खटकले म्हणून गैरवर्तन ठरू नये.

अलीगढ विद्यापीठात मराठी शिकवणारे प्राध्यापक रामचंद्र सिरस यांच्या राहत्या घरात 2010 मध्ये, ते एका पुरुषासोबत असताना, कॅमेरा घेऊन माणसे घुसली, आणि विद्यापीठाने निलंबित केले ते प्राध्यापकांना. अलाहाबाद उच्च न्यायालयाने निलंबनास स्थगिती दिली आणि त्यानंतर काही दिवसांतच ते मृतावस्थेत सापडले. ही बातमी वाचली तेव्हा मी अण्णांना दूरध्वनी केला होता. ते म्हणाले, तो विषय वेगळा. मला तो आजही वेगळा वाटत नाही. पुढे 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खाजगीपणा हा मूलभूत अधिकार ठरवला आणि 2018 मध्ये व्यभिचाराचे कलम 497 रद्द झाले. ही दोन्ही कात्रणे मी बार्शीला पाठवली. उत्तर आले नाही.

येथे काही गोष्टी मान्य केल्या पाहिजेत. घरात पत्नीला मारहाण करणारा, हाताखालच्या कर्मचाऱ्याशी पदाच्या जोरावर संबंध ठेवणारा, किंवा ज्या समाजाची कामे त्याच्या टेबलावर येतात त्या समाजाविषयी रात्री समाजमाध्यमावर विष ओकणारा माणूस ‘हे माझे खाजगी आयुष्य’ म्हणू लागला, तर मी त्याच्या बाजूने उभी राहणार नाही. सैन्यदलांची शिस्तही वेगळी आहे. 497 रद्द झाल्यानंतरही सैन्य आपल्या कायद्यांखाली अशा वर्तनावर कारवाई करू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये स्पष्ट केले. आपले छायाचित्र समाजमाध्यमावर असेल, तर राज्य शासनाने जुलै 2025 मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचना एकदा वाचून घ्याव्यात. छायाचित्रात शासकीय गणवेश, वाहन किंवा इमारत दिसत असेल, तर आपली बाजू लंगडी पडते.

मात्र माफीनामा लिहून देऊ नका. अण्णा अजूनही म्हणतात की, तेव्हा दोन ओळी लिहिल्या असत्यास तर चौदा महिने वाचले असते. माझ्याच कार्यालयातील एका सहकाऱ्याने अशाच एका प्रकरणी तशा दोन ओळी लिहून दिल्या होत्या, आणि सहा वर्षांनी पदोन्नतीच्या वेळी त्याच्या नस्तीतून तोच कागद काढून समितीपुढे ठेवला गेला. त्याने स्वतःच्या हाताने कबूल केलेले असल्यामुळे त्याला अपील करायलाही काही उरले नव्हते. अण्णांना मी हे प्रकरण दोनदा सांगितले आहे.

आपल्याला तोंडी समज मिळाली आहे. कोणत्या नियमाखाली ती दिली, हे लेखी कळवावे, असा साध्या भाषेत चार ओळींचा अर्ज द्या, तो आवक शाखेत स्वतः नेऊन द्या आणि आपल्या प्रतीवर शिक्का, क्रमांक व तारीख घेतल्याशिवाय टेबलापासून हलू नका.